मालवण-तारकर्लीत सुट्टीला जाताय? मग जेवण रिसॉर्टवर नको, घरगुती खानावळीत घ्या

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात जेवणाचं काय करायचं असं जो कोणी विचारतो त्याला मी एकच सांगते, खोली कुठेही घ्या पण जेवण खोलीसोबत बांधून घेऊ नका. नाश्ता हवा तर घ्या. दुपारचं आणि रात्रीचं जेवण मात्र गावातल्या घरगुती खानावळीत घ्या. हा रिव्ह्यू कुठल्या एका हॉटेलचा नाही, आम्ही ज्या ज्या खानावळींत जेवलो त्या सगळ्यांचा मिळून आहे, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे पद्धत तीच आहे आणि ती एकदा कळली की कुठल्याही खानावळीत तुम्ही मस्त जेवाल.

आम्ही म्हणजे मी, नवरा, मुलगी आणि आई. आईच्या गळ्यात माळ आहे त्यामुळे ती मासे-मटण खात नाही, मुलगी तिखट खात नाही, आणि नवऱ्याला फक्त सुरमई कळते. म्हणजे एका टेबलावर तीन तऱ्हा. तरीपण कुणी उपाशी उठलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आधी रिसॉर्टच्या जेवणाबद्दल, म्हणजे फरक कळेल. नाव लिहीत नाही. खोली छान होती, समोर समुद्र, स्टाफ पण चांगला. बुकिंग करताना तीनही वेळचं जेवण धरून पॅकेज होतं आणि आम्हाला वाटलं चला बरं झालं, लहान मुलगी आहे, आई आहे, उन्हातान्हात कुठे फिरायचं. पहिल्याच रात्री पनीरची भाजी, डाळ तडका, जिरा राईस, आणि मासे म्हणून माणशी एक सुरमईचा पातळ तुकडा जो कडेने वाळलेला आणि मधे पाणचट. गोठवलेल्या माशाची हीच खूण असते, तव्यावर टाकला की पाणी सोडतो, मग मसाला सुटतो आणि मासा तळला जायच्या ऐवजी शिजत बसतो. सोलकढी तर गुलाबी रंगाचं पाणी होतं, नारळाचा पत्ता नाही. एवढ्या लांब कुडाळ स्टेशनला उतरून, तिथून पुन्हा तीसेक किलोमीटर रिक्षा करून समुद्रावर यायचं आणि पनीर खायचं, हे मला काही पटेना. दुसऱ्या दिवशी मॅनेजरला विनंती करून जेवण पॅकेजमधून काढून घेतलं, त्याने कुरकुर न करता तेवढे पैसे वळते केले, याबद्दल त्याचे आभारच.

मग खानावळी. मालवण गावात भरड नावाच्या भागाच्या आसपास आणि बाजारात आहेत, तारकर्ली-देवबागच्या रस्त्याला तर दर थोड्या अंतरावर 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी आहे. बहुतेक म्हणजे राहतं घरच, चिऱ्याचं, कौलारू, पुढे अंगणात पत्र्याची नाहीतर झावळ्यांची शेड आणि तिच्यात पाच-सहा टेबलं. स्वयंपाक घरातल्या बायका करतात, वाढायला घरातलाच मुलगा नाहीतर भाचा, हिशोब काका ठेवतात. मेन्यूकार्ड असतं, पण ते बघायचं नाही. माझ्या मते या सगळ्या रिव्ह्यूतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. कार्डावर वीस मासे छापलेले असतात, समुद्राने त्या दिवशी तीन-चारच दिलेले असतात. बसल्या बसल्या विचारायचं, आज काय आलंय? आणि उत्तर ऐकून मग ऑर्डर द्यायची.

देवबागच्या बाजूला एका खानावळीत नवऱ्याने सवयीप्रमाणे सुरमई थाळी सांगितली तर आतून काकी स्वतः बाहेर आल्या, हात पदराला पुसत म्हणाल्या, "सुरमय असा, पण कालची असा. बांगडो सकाळीच इलो, तो घेवा." सुरमई थाळीचा भाव बांगडा थाळीच्या जवळपास दुप्पट, म्हणजे काकी स्वतःच्या तोंडाने स्वतःचा धंदा कमी करत होत्या. आम्ही बांगडा घेतला. रिसॉर्टवर हे कोणी सांगितलं असतं का? तिथे मासा सुरतेहून आला काय आणि शेजारच्या जेटीवरून आला काय, वाढणाऱ्या मुलाला ठाऊकच नसतं.

तो बांगडा कसा होता ते सांगते. अख्खा, डोक्यासकट, दोन्ही अंगाला तीन तीन तिरके चर, चरांत मसाला दाबून भरलेला, वरून तांदळाचं पीठ आणि रव्याचा पातळ थर. लोखंडी तव्यावर खोबरेल तेलावर तळला होता. कड कुरकुरीत, काट्याजवळ मांस पांढरंशुभ्र आणि ओलसर, आणि बोटाने जरा दाबलं की काट्यापासून आपोआप सुटत होतं. ताज्या माशाला लिंबू लागत नाही म्हणतात ते तिथे पटलं, लिंबाची फोड ताटात तशीच राहिली. नवरा तेव्हापासून सुरमई सोडून बोलायला लागला, एवढं पुरे.

थाळीत असतं काय, तर तळलेला मासा, त्याच माशाचं नाहीतर दुसऱ्या माशाचं सार, म्हणजे ओल्या नारळाच्या वाटपाची कढी, भात, दोन चपात्या किंवा तांदळाची भाकरी, एखादं सुकं, कांदा, लोणचं आणि सोलकढी. बऱ्याच ठिकाणी सुक्यात सुका जवळा किंवा तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिळाल्या. भात विचारतात कुठला देऊ, उकडा की साधा. उकडाच घ्या. लालसर, जाड शिताचा असतो, पहिल्यांदा जड वाटतो पण माशाच्या साराला तोच लागतो, साधा भात त्या रसात विरघळून जातो आणि उकडा तसाच उभा राहतो. भात आणि सार पुन्हा पुन्हा वाढतात, त्याचे वेगळे पैसे आमच्याकडून कुणी घेतले नाहीत. तळलेला तुकडा मात्र एकच, दुसरा हवा तर प्लेटचे पैसे. हे सगळीकडे असंच आहे.

आता तिरफळाबद्दल लिहायलाच पाहिजे, कारण घाटावरच्या लोकांना ते माहीतच नसतं आणि मग पहिल्या घासाला घाबरतात. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे आंबट-तिखट कालवणात, वाळलेली तिरफळं टाकतात, मिऱ्यापेक्षा मोठी, फुटलेल्या बोंडासारखी, आतलं काळं बी काढून टाकलेलं असतं आणि टरफल तेवढं वापरतात. वास एकदम वेगळा, थोडा लिंबाच्या सालीसारखा. खायचं नसतं ते, बाजूला काढायचं. माझ्या मुलीने एक दाताखाली घेतलं आणि जीभ बधिर झाली म्हणून रडायच्या बेतात आली, तर काकी आतूनच ओरडल्या, "तिरफळ चावू नको गो बाय!" आणि वाटीभर सोलकढी आणून दिली. दोन मिनिटांत ठीक. पण त्या तिखल्याची चव तिरफळामुळेच आहे, चिंच-कोकमाचा आंबटपणा, लाल मिरचीचा जाळ आणि त्यावर तिरफळाचा तो वास. मी भाताबरोबर खाल्लं, नंतर भाकरीबरोबर खाल्लं, भाकरीबरोबर जास्त आवडलं.

लोक सरसकट 'मालवणी ग्रेव्ही' म्हणतात आणि शहरातल्या हॉटेलांत मासा, कोंबडी, अंडं सगळ्याला एकच लाल-तपकिरी रस्सा घालून देतात. इथे तसं अजिबात नाही. माशाच्या साराला ओला नारळ कच्चाच वाटतात म्हणून रंग केशरी आणि चव हलकी, कोंबडी-मटणाला कांदा-खोबरं भाजून वाटतात म्हणून रंग काळपट आणि चव खमंग. मोरी, म्हणजे लहान शार्क, मात्र मासा असूनही भाजलेल्या वाटपात करतात, म्हणून तर तिला मोरीचं मटण म्हणतात. ज्या खानावळीत माशाचं सार आणि कोंबडीचा रस्सा दिसायला सारखाच आला तिथे आम्ही पुन्हा गेलो नाही. मसाला प्रत्येक घराचा वेगळा, मे महिन्यात वर्षाचा करून ठेवतात, त्यामुळे दोन खानावळींची चव कधीच एक येत नाही आणि रोज जेवून पण कंटाळा येत नाही.

कोंबडी-वड्यांसाठी आधी सांगावं लागतं. वडे म्हणजे तांदूळ, उडीद, थोडे मेथीदाणे, धणे असं भरड पीठ, ते भिजवून ठेवतात, मग हातावर थापून तळतात. चांगला वडा टम्म फुगतो आणि फोडला की वाफ येते, आतून मऊ आणि किंचित मेथीचा कडसर वास. गार वडा म्हणजे चामडं, त्यामुळे जिथे आधीच तळून डब्यात ठेवलेले वडे दिसतील तिथे घेऊच नका. आम्हाला एका ठिकाणी पाऊण तास बसवलं, मुलगी भुकेने कावलेली, पण नंतर ताटात एक संपला की दुसरा गरम असे वडे येत राहिले. कोंबडी गावठी हवी असेल तर सकाळीच फोन करून सांगायचं, ती महाग असते आणि शिजायला वेळ घेते, पण रश्श्यात जो फरक पडतो तो पहिल्या घोटाला कळतो. नाही सांगितलं तर ब्रॉयलर मिळते, ती पण वाईट नसते.

आईचं काय केलं, हा प्रश्न मला बऱ्याच जणी विचारतात कारण सगळ्यांच्याच घरी कोणीतरी माळकरी नाहीतर सोमवारवाली असते. तर काळ्या वाटाण्याची उसळ, हे उत्तर. काळा वाटाणा भिजवून, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपात शिजवतात, चवीला एकदम भरदार, वड्यांबरोबर किंवा आंबोळीबरोबर देतात. मी माझं तिखलं सोडून आईच्या वाटीतलं खात होते. मार्चच्या सुमाराला गेलात तर ओल्या काजूंची उसळ मिळते, ती शहरात बसून मिळणं कठीण. कोवळ्या फणसाची भाजी पण तेव्हाच. आईला भांडी वेगळी लागतात, हे आम्ही फोनवरच सांगितलं तर एका घरात तिला केळीच्या पानावर वाढलं आणि तिचं जेवण माशाच्या चुलीपासून लांब, आत देवघराशेजारच्या स्वयंपाकघरात केलं. हे त्यांना नवीन नाही, कोकणात घराघरात वार पाळणारे असतातच. पण ऐनवेळी सांगितलं तर मग वरण-भात आणि बटाट्याची भाजी एवढंच मिळणार, त्यात त्यांचा दोष नाही.

लहान मुलांसाठी अजून एक, तळायचा तुकडा नुसता हळद-मीठ-कोकम लावून मागा, कुठेही देतात. माझ्या मुलीने असा पापलेट खाल्ला आणि सोबत साधा भात. पापलेटवर २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून शिक्का आहे, त्यामागे कारणही आहे, मासा कमी होत चाललाय. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडायची किमान लांबी ठरवून दिली. म्हणून तळहाताएवढे पापलेट ताटात चार चार मांडून देणारं हॉटेल मला आवडत नाही, कितीही स्वस्त असलं तरी. एक मोठा घ्या, वाटून खा.

सकाळचं पण बाहेरच खा असं म्हणेन मी. घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. घावणा नुसत्या तांदळाच्या पिठाचा, जाळीदार, पातळ, आणि बिडाच्या तव्यावरून उतरला की लगेच खायचा. शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या ताज्या शेवया, मात्र आदल्या दिवशी सांगावे लागतात कारण तांदळाच्या पिठाचे गोळे उकडून गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबायचे असतात, एकट्याचं काम नाही ते. आमच्या काकींनी आणि त्यांच्या सुनेने मिळून केले, एक दांडा दाबतेय, दुसरी खाली ताट फिरवतेय. वर गुळाचा वेलची घातलेला नारळाचा रस. आईला सगळ्या सुट्टीत हेच सर्वात जास्त आवडलं.

आता पैशांचं. बांगडा थाळी साधारण दोनशे ते अडीचशे, सुरमई साडेतीनशेपासून पाचशेपर्यंत, पापलेट त्याच्या वर, कोंबडी-वडे तीनशेच्या आगेमागे. सीझनप्रमाणे बदलतं. कार्डावर पापलेट, कुर्ल्या (खेकडे), मोठी कोळंबी यांच्यापुढे बऱ्याचदा आकडाच नसतो, 'साइझप्रमाणे' असं लिहिलेलं असतं, तिथे मासा बघून, भाव विचारून, मगच हो म्हणा. विचारण्यात कमीपणा काही नाही, तिथले लोक पण बाजारात तेच करतात. एका ठिकाणी (गावातलं नाही, हमरस्त्यावरचं मोठं हॉटेल) कुर्ल्यांच्या प्लेटचा भाव न सांगता लावला, आणि प्लेटमध्ये नुसत्या नांग्या आणि पायच होते, पेंदा, म्हणजे मधला मांसाचा भाग, कुठेच नाही. विचारलं तर असंच असतं म्हणाले. वर बिलात सर्व्हिस चार्ज जोडलेला. आता सर्व्हिस चार्ज हा आपल्या मर्जीचा असतो, हॉटेलने तो आपणहून बिलात जोडायचा नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते कायम ठेवलं. मी शांतपणे तेवढं सांगितलं, त्यांनी काढून टाकला. नाही काढला असता तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जीएसटी लावला असेल तर बिलावर जीएसटी नंबर आहे का ते बघा, साध्या रेस्टॉरंटला तो ५ टक्के असतो. घरगुती खानावळीत यातलं काहीच झालं नाही, काका वहीच्या पानावर लिहून देतात, एवढ्या थाळ्या गुणिले एवढे पैसे, संपलं. पाण्याची बाटली पण छापील किमतीला.

पैसे गूगल पे वर चालतात पण देवबागच्या टोकाला रेंज गेली की सगळंच अडतं, त्यामुळे थोडी कॅश जवळ असू द्या.

मासे येतात कुठून हे बघायचं असेल तर संध्याकाळी मालवणच्या जेटीवर जा. बोटी लागतात, मासे खाली वाळूवर नाहीतर ताडपत्रीवर ओततात आणि लिलाव चालू होतो, इतक्या भराभर बोलतात की नव्या माणसाला आकडेच कळत नाहीत. खानावळवाल्या बायका तिथेच उभ्या असतात. आमच्या काकी आम्हाला तिथे भेटल्या, टोपलीतल्या सौंदाळ्याचा कल्ला उचलून आतला रंग बघत होत्या. लालभडक असेल तर ताजा, तपकिरी किंवा फिकट असेल तर सोडून द्यायचा, डोळा बाहेर आलेला आणि चकचकीत पाहिजे, आणि पोटाला बोट दाबलं की खळगा राहता कामा नये. मला त्यांनी तिन्ही दाखवलं. तो सौंदाळा रात्री आमच्याच ताटात आला. ताजा मासा म्हणजे काय हे सांगायला यापेक्षा जास्त मला लागत नाही. तारकर्लीच्या किनाऱ्यावर सकाळी रापण ओढताना दिसली तर तीही नक्की बघा, दोन्ही बाजूंनी माणसांची रांग दोर ओढत असते आणि जाळं वाळूवर आलं की तिथेच वाटणी होते. फोटो काढायला जाळ्यात पाय घालू नका, एवढंच.

यामुळेच कधी जायचं याला पण महत्त्व आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून आणि समुद्र खवळलेला म्हणूनही. त्या दोन महिन्यांत ताटात सुरमई आली तर ती बर्फातली समजा. तेव्हा खाडीचे मासे, सुके बांगडे, सुका जवळा, कोंबडी-वडे असं खा, तेही छानच असतं, पण सुरमईसाठी मुद्दाम पावसात जाऊ नका. नारळी पौर्णिमेनंतर बोटी नेमाने जायला लागतात आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी मला सर्वात चांगला काळ वाटतो. नाताळ ते एक जानेवारी मात्र टाळा. तेव्हा स्कूबावाले, किल्ल्यावर जाणारे, गोव्याहून परतणारे सगळे एकाच वेळी दुपारी दीडला जेवायला येतात, पन्नास माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या घरावर दोनशे माणसं पडतात, मग सार पातळ होतं, वडे आधी तळून ठेवतात, आणि लोक तासभर थांबून चिडचिड करतात आणि एक स्टार देऊन जातात. दोष गर्दीचा, शिक्षा काकींना. मे महिन्यात पण थोडं असंच, फक्त तेव्हा आंबा-फणस असतो ही जमेची बाजू.

गर्दीतही नीट जेवायचं असेल तर साधा उपाय आहे. सकाळी दहाच्या आत फोन करायचा, किती माणसं, किती मासे खाणारे, किती नाही, आणि किती वाजता येणार. सांगितलेल्या वेळेला जायचं. सिंधुदुर्ग किल्ल्याची बोट सकाळी लवकर पकडलीत तर फिरून साडेबारापर्यंत परत येता, तेव्हा जेवण गरम असतं आणि टेबलं रिकामी. १६६४ ते १६६७ अशी तीन वर्षं तो किल्ला पाण्यात बांधत होते, तो घाईघाईत बघून जेवायला पळायचं म्हणजे काही खरं नाही, त्यामुळे सकाळीच जा आणि निवांत बघा. आणि फोन करून सांगितलं असेल आणि येणार नसाल तर पुन्हा फोन करून कळवा. त्यांनी तुमच्या नावाने मासा घेतलेला असतो, तो फ्रीजमध्ये जातो आणि नुकसान त्यांचं होतं. एका घरी आमच्या समोर बारा जणांचं बुकिंग असं न सांगता गळालं, काका काही बोलले नाहीत पण काकींचा चेहरा पडलेला दिसला, मला फार वाईट वाटलं.

ड्रायव्हर किंवा रिक्षावाला एखाद्या हॉटेलचा फारच आग्रह करत असेल तर जरा थांबा. आमचा ड्रायव्हर सारखा हायवेच्या त्याच हॉटेलकडे वळवायचा, जिथे कुर्ल्यांचा प्रकार झाला. त्यापेक्षा मेडिकलवाल्याला, किराणा दुकानात, नाहीतर खोली झाडायला येणाऱ्या ताईंना विचारा की तुमच्याकडे पाहुणे आले आणि घरी करायला जमलं नाही तर कुठून मागवता. आम्हाला सगळ्यात चांगली खानावळ अशीच कळली, तिला रस्त्यावर पाटी पण नव्हती.

उणिवा पण लिहिते, नाहीतर एकतर्फी वाटेल. वेळ लागतो, अर्धा तास धरूनच चाला. शेडमध्ये दुपारी उकडतं, पंखा असतो पण एसी नाही, आणि माश्या येतात, काही ठिकाणी तर खूप. बाथरूम घरचंच असतं, स्वच्छ होतं पण अंगणातून मागे जावं लागतं, गुडघे दुखणाऱ्या आईला पायऱ्यांचा त्रास झाला. वयस्कर माणसं बरोबर असतील तर फोनवरच विचारा, पायऱ्या किती आणि कमोड आहे का. एका खानावळीत तळणीचं तेल जुनं वाटलं, कोळंबीला काळसर रंग आणि घशाला खवखव, तिथे मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी मान्य केलं आणि दुसरं तळून दिलं. असं सांगा, थेट सांगा, घरी जाऊन मोबाइलवर लिहिण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

तरीही माझे मार्क खानावळींना पाचपैकी साडेचार, अर्धा त्या माश्यांचा आणि पायऱ्यांचा कापला. रिसॉर्टच्या जेवणाला दोन, तेही गरम होतं म्हणून.

जाता जाता, परतताना सगळे कोकम घेतात त्याबद्दल. सोलकढी घरी करायची असेल तर आगळ मागा, म्हणजे कोकमाचा रस, ते मीठ घातलेलं, गर्द लाल आणि आंबटढाण असतं. अमृत कोकम म्हणजे साखर घातलेलं सरबताचं, त्याची कढी होत नाही. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच, लेबल नीट वाचा. दोन-तीन चमचे आगळ, एका नारळाचं घट्ट दूध, लसणाच्या दोन पाकळ्या, एक हिरवी मिरची, मीठ आगळ चाखून मगच घाला, वर कोथिंबीर. उकळायची नाही, फाटते. आणि काकींकडून मसाला मागितला तर बऱ्याच जणी विकत देतात, पाव किलो घ्या, फ्रीजमध्ये ठेवा, कोंबडीला आणि काळ्या वाटाण्याला दोन्हीला चालतो.